हाताखालचा माणूस मोठा होतो तेव्हा…

चुका दाखवणारा साहेब प्रत्येक ऑफिसात सापडतो. माणूस घडवणारा साहेब मात्र नशिबानेच भेटतो, असं आपण म्हणतो. पण खरंच तो नशिबाचा भाग आहे, की शिकता येण्याजोगी गोष्ट आहे?

१० ऑगस्ट १९७९ची सकाळ. श्रीहरिकोटाच्या तळावरून एसएलव्ही-३ हे उपग्रह वाहून नेणारं भारतीय बनावटीचं पहिलं रॉकेट आकाशात झेपावलं. वजन सतरा टन. त्यामागे शेकडो माणसांची कित्येक वर्षांची मेहनत. पहिला टप्पा झकास पार पडला. दुसऱ्या टप्प्यात मात्र रॉकेटवरचं नियंत्रण सुटलं आणि ३१७ सेकंदांत सगळा खेळ आटोपला. श्रीहरिकोटापासून ५६० किलोमीटरवर, बंगालच्या उपसागरात रॉकेट जाऊन पडलं.

या प्रकल्पाचे संचालक होते ए. पी. जे. अब्दुल कलाम. उड्डाणाच्या काही मिनिटं आधी संगणकाने ‘थांबा’ असा इशारा दिला होता. सोबतच्या तज्ज्ञांचा सल्ला घेऊन कलामांनी तो बाजूला सारला. म्हणजे निर्णय त्यांचा आणि जबाबदारीही त्यांचीच. बाहेर पत्रकार ताटकळत उभे होते. सरकारी पैसा समुद्रात बुडाला होता, तेव्हा प्रश्न कसे येणार हे उघड होतं. अशा वेळी इस्रोचे अध्यक्ष प्रा. सतीश धवन यांनी पत्रकार परिषदेचा माइक स्वतःकडे घेतला. आज आपण अपयशी ठरलो, माझा माझ्या सहकाऱ्यांवर विश्वास आहे आणि पुढच्या वेळी ते यशस्वी होतील, अशा आशयाचं त्यांनी सांगून टाकलं. पुढे १८ जुलै १९८० रोजी त्याच जातीच्या रॉकेटने रोहिणी उपग्रह कक्षेत सोडला. त्या दिवशी पत्रकारांना सामोरं जायला धवन यांनी कलामांना सांगितलं.

कलाम हा किस्सा आयुष्यभर सांगत राहिले, राष्ट्रपती झाल्यावरसुद्धा. आता तो इतका घासून गुळगुळीत झाला आहे की मॅनेजमेंटच्या प्रत्येक भाषणात येतो आणि टाळ्या घेऊन जातो. पण टाळ्यांच्या गडबडीत मधले अकरा महिने सगळे विसरतात. धवन यांनी अपयश अंगावर घेतलं म्हणून चौकशी टळली नाही. उलट बारीकसारीक तपासणी झाली. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेतली एक झडप कचऱ्यामुळे उघडी राहिली आणि तिथून ॲसिड गळून गेलं, हे शोधून काढण्यात आलं. आणि ते शोधून सुधारण्याचं काम कुणाकडे राहिलं? ज्याच्या हाताखाली ते बिघडलं होतं, त्याच माणसाकडे. पत्रकारांपासून संरक्षण द्यायचं, कामातल्या चुकीपासून मात्र सुटका द्यायची नाही, या दोन गोष्टी एकाच वेळी करणारा साहेब दुर्मिळ असतो. आपल्याकडे बहुधा उलटं घडतं. चारचौघांत माणसाची सालपटं काढली जातात आणि बंद दाराआड, नेमकं काय चुकलं याबद्दल एक अक्षरही निघत नाही.

टेनिसच्या मैदानातून ऑफिसात

‘कोचिंग’ म्हटलं की मराठी घरात आधी दहावी-बारावीचा क्लास आठवतो, नाहीतर कोटा शहर. नोकरदारांच्या जगात या शब्दाला वेगळाच अर्थ चिकटला आहे आणि तो आला चक्क खेळाच्या मैदानातून. टिमोथी गॅल्वे हा अमेरिकन गृहस्थ हार्वर्ड विद्यापीठाच्या टेनिस संघाचा कर्णधार होता. पुढे तो टेनिस शिकवू लागला. शिकवता शिकवता त्याच्या ध्यानात आलं की ‘मनगट ताठ ठेव’, ‘गुडघे वाकव’, ‘रॅकेट मागे ने’ असा सूचनांचा भडिमार केला की शिकणारा आणखीच गोंधळतो. मग त्याने सूचना बंद केल्या आणि एकच काम दिलं. चेंडू जमिनीवर टप्पा घेईल तेव्हा ‘टप्पा’ म्हणायचं आणि रॅकेटला लागेल तेव्हा ‘लागला’ म्हणायचं. बस्स! एवढ्यावर लोकांचा खेळ सुधारू लागला, कारण डोक्यातली बडबड थांबून लक्ष चेंडूवर गेलं. १९७४ साली त्याने यावर पुस्तक लिहिलं. ते टेनिस खेळणाऱ्यांनी वाचलंच, पण कंपन्यांच्या साहेबांनीही उचलून धरलं.

एटी अँड टी या अमेरिकन टेलिफोन कंपनीने गॅल्वेला बोलावलं ते ऑपरेटर मुलींना सौजन्य शिकवायला. दिवसभर तेच ते प्रश्न, तेच ते चिडलेले आवाज. त्यात सौजन्य कुठून आणणार? गॅल्वेने सौजन्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. समोरच्या माणसाच्या आवाजात ताण किती, आपुलकी किती, हे ऐकून मनातल्या मनात त्याला एक ते दहा गुण द्यायचे, एवढाच खेळ त्याने मुलींना शिकवला. लक्ष देऊन ऐकायला लागल्यावर कंटाळा गेला आणि बोलण्यातला रूक्षपणाही आपोआप कमी झाला. भिंतीवर ‘ग्राहक हा आपला देव आहे’ अशी पाटी लावून जे साधत नाही, ते इथे साधलं.

गॅल्वेच्या विचारांचा इंग्लंडमध्ये प्रसार केला तो सर जॉन व्हिटमोर यांनी. हे मूळचे मोटार शर्यतीतले खेळाडू. १९६१ साली त्यांनी मिनी गाडी पळवून ब्रिटिश सलून कार अजिंक्यपद पटकावलं होतं. १९९२ साली आलेल्या आपल्या पुस्तकात त्यांनी सांगितलेला एक अनुभव प्रत्येक अनुभवी साहेबाने वाचावा असा आहे. एका ठिकाणी टेनिस शिकणाऱ्यांची गर्दी झाली आणि टेनिसचे कोच कमी पडले. तेव्हा बर्फावर घसरण्याचा खेळ शिकवणाऱ्या कोचना टेनिसचा पोशाख चढवून, काखेत रॅकेट देऊन उभं करण्यात आलं. अट एकच होती. रॅकेट हातात घेऊन स्वतः काही करून दाखवायचं नाही. निकाल असा लागला की काही शिकणारे या ‘अडाणी’ कोचकडे अधिक छान शिकले! टेनिस जाणणाऱ्या कोचना समोर चुकाच चुका दिसत होत्या. टेनिस न जाणणाऱ्यांना मात्र माणूस दिसत होता. तो शरीर कसं वापरतो आहे, कुठे अडखळतो आहे, एवढंच ते बघत होते आणि विचारत होते.

याचा अर्थ साहेब अडाणी असावा असा मुळीच नाही. पण वीस वर्षं तेच काम केलेल्या माणसाला समोरच्याचं वाक्य अर्ध्यावर तोडून उत्तर सांगण्याची जी घाई असते, ती किती महागात पडते हे यातून कळतं.

व्हिटमोर यांच्या पद्धतीचा गाभा चार प्रश्नांत मावतो. तुला कुठे पोचायचं आहे? आज तू कुठे आहेस? तिथे जायच्या वाटा कोणत्या? आणि यातलं तू नेमकं काय करणार, कधी? प्रश्न साधे वाटतात. मात्र ते विचारून गप्प बसणं भलतंच कठीण जातं.

एक नेहमीचं उदाहरण घेऊ. समजा, मध्यम आकाराच्या एका कारखान्याच्या हिशेब खात्यात बी.कॉम. झालेली एक मुलगी तीन वर्षं काम करते आहे. बिलांच्या नोंदी ती बिनचूक करते. जीएसटीचं विवरणपत्र मात्र दर महिन्याच्या वीस तारखेआधी तिचे साहेब स्वतः भरतात, रात्री उशिरापर्यंत बसून. का? ‘तिला समजावत बसण्यापेक्षा मीच करतो, लवकर होतं.’ हे वाक्य भारतातल्या किती ऑफिसांत रोज उच्चारलं जात असेल! साहेबांचा हिशेब त्या एका महिन्यापुरता बरोबरही असतो. समजावण्यात दोन तास जातील आणि स्वतः केलं तर एका तासात हातावेगळं होईल. पण वर्षाचे बारा महिने धरले की हाच हिशेब आतबट्ट्याचा ठरतो. साहेब दरवर्षी त्याच कामात अडकून राहतात आणि ती मुलगी तीन वर्षांनीही नोंदीच करत राहते. मग एक दिवस ती दुसरीकडे अर्ज टाकते आणि साहेब म्हणतात, ‘हल्लीच्या मुलांना निष्ठा म्हणून नाही.’

याऐवजी पहिल्या महिन्यात तिला शेजारी बसवायचं. दुसऱ्या महिन्यात कीबोर्ड तिच्याकडे द्यायचा आणि साहेबांनी हात बांधून बसायचं. खरेदीवर भरलेल्या कराचे आकडे जुळले नाहीत की तोंडून उत्तर निसटू न देता विचारायचं, ‘फरक कुठे असेल असं वाटतं?’ ती दहा मिनिटं शोधेल. ही दहा मिनिटं साहेबांना दहा तासांसारखी वाटतील. तिसऱ्या महिन्यात तिने एकटीने तयार करायचं आणि साहेबांनी पाठवण्याआधी फक्त तपासायचं. चौथ्या महिन्यापासून साहेब वीस तारखेला घरी वेळेवर जेवतील. आपल्याकडे स्कूटर शिकवणारा प्रत्येक बाप हेच करत आला आहे. आधी मागे बसतो, मग बाजूने धावतो आणि एका क्षणी हात सोडतो. ऑफिसात आल्यावर तो हे कसं विसरतो, कोण जाणे!

बत्तीस एकर निवडुंग आणि नापास मुलं

हे सगळं परदेशातून आलेलं फॅड आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी सांगली जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीकडे बघावं. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांची कहाणी उद्योगपतीची कहाणी म्हणून सगळ्यांना ठाऊक आहे. माणसं पारखणाऱ्याची कहाणी म्हणून ती कमी सांगितली जाते आणि खरी गंमत तिथेच आहे.

लक्ष्मणरावांचा जन्म १८६९चा. चित्रकार व्हायचं म्हणून ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तिथे लक्षात आलं की त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. चित्रकाराच्या दृष्टीने सगळंच संपलं! पण रेषेवर हात पक्का होता. ते यंत्रांची रेखाटनं करू लागले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले. बढतीची वेळ आली तेव्हा ती त्यांना डावलून दुसऱ्याला मिळाली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली, बेळगाव गाठलं आणि भाऊ रामुअण्णांसोबत सायकलच्या धंद्यात पूर्ण वेळ लक्ष घातलं. त्यातूनच पुढे कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर आले. लोखंडामुळे जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. त्यामुळे पहिले चाळीस नांगर दोन वर्षं तसेच पडून राहिले.

एका बाबतीत कमी असलेला माणूस दुसऱ्या बाबतीत अव्वल असू शकतो, हे लक्ष्मणराव पुस्तकातून शिकले नव्हते. त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांनी त्यांना ते शिकवलं होतं. कदाचित म्हणूनच, १९१० साली बेळगावातून कारखाना हलवावा लागला आणि औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ बत्तीस एकर माळरान देऊ केलं, तेव्हा त्यांनी सोबत घेतलेली माणसं आजच्या कुठल्याही कंपनीच्या मुलाखतीत पहिल्या फेरीलाच गळली असती. जागाही कशी, तर निवडुंग आणि सापांनी भरलेली. पंचवीस कामगार, त्यांचे संसार आणि डोक्यावर धड छप्पर नाही.

अनंतराव फळणीकरांना शालेय शिक्षण पुरं करता आलं नव्हतं. डोक्यात कल्पना मात्र भरपूर होत्या. वाडीवर ते इंजिनीअर झाले. शंभूराव जांभेकर यंत्रं बनवण्यात तरबेज झाले आणि कुठे काही अडलं की हाक त्यांनाच जाऊ लागली. मंगेशराव रेगे हिशेब सांभाळायचे, तर के. के. कुलकर्णी पडेल ते काम अंगावर घ्यायचे. रामुअण्णांनी आख्ख्या वसाहतीची आखणी आणि व्यवस्था बघितली. आणि रखवालीला कोण? तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग. त्या काळच्या रीतीप्रमाणे नावाला जात चिकटलेली, आणि त्यात भर म्हणजे दोघेही तुरुंगवास भोगून आलेले. ज्यांच्यावर गावाने नजर ठेवायची, त्यांच्याच हाती लक्ष्मणरावांनी गावाची राखण दिली. या विश्वासाला त्या दोघांनी तडा जाऊ दिला नाही.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. लक्ष्मणराव दयेपोटी माणसं ठेवत होते असं म्हणणं त्यांच्यावर अन्याय करणारं आहे. माळावर कारखाना उभा करायचा होता, नांगर विकायचे होते, पगार द्यायचे होते. धर्मादाय करायला सवड कुणाला होती? त्यांनी माणसाच्या हातात दाखला कुठला आहे, हे पाहण्याऐवजी हात कशाला वळतो आहे ते पाहिलं. मग त्या हाताला शोभेल असं, आणि थोडं झेपणार नाही असं वाटणारं, काम दिलं. ‘थोडं झेपणार नाही असं’ हे महत्त्वाचं. झेपणारंच काम देत राहिलं की माणूस आहे तिथेच राहतो आणि अजिबात न झेपणारं दिलं की मोडतो.

१९२० साली याच माळावरून ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक निघालं. संपादक होते लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव. कारखान्याची बातमीपत्रिका म्हणून सुरू झालेलं हे मासिक पुढे ‘किर्लोस्कर’ झालं आणि त्याच घरातून ‘स्त्री’, ‘मनोहर’ही आली. नांगराच्या कारखान्यातून मराठीतली तीन नामांकित मासिकं! आणि ज्या कुंडल रोड स्टेशनाजवळ हा डाव मांडला, त्या स्टेशनाचं नाव आज किर्लोस्करवाडी आहे.

गच्चीवरच्या सात बहिणी

घडवणारा माणूस पगार देणाराच असला पाहिजे असंही नाही. १५ मार्च १९५९ला गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायका पापड लाटायला बसल्या. भांडवल ऐंशी रुपये, तेही उसने. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. लिज्जतची ही सुरुवात सर्वांना ठाऊक आहे. उसने पैसे देणारे छगनलाल करमशी पारेख, म्हणजे छगनबाप्पा, यांनी नंतर काय केलं ते पाहण्यासारखं आहे. सुरुवातीला या बायका दोन प्रतींचे पापड करत, एक चांगला आणि एक हलका, स्वस्तातला. छगनबाप्पांनी सांगितलं की एकच प्रत करा आणि तिच्याशी तडजोड नको. हिशेब पहिल्या दिवसापासून चोख ठेवा. देणगी मात्र मागू नका. स्वतः कारभारी होऊन गादीवर बसण्याचा मोह त्यांना झाला नाही. संस्थेचं सभासदत्वच स्त्रियांपुरतं राहिलं आणि लाटणं हातात धरलेली बहीणच पुढे शाखेची संचालिका होऊ लागली. या सातांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. लाटण्यापासून ताळेबंदापर्यंतचा हा प्रवास कुणी बायकांना हाताला धरून करवला नाही. हिशेबाची वही त्यांच्या हातात देऊन सल्लागार एक पाऊल मागे उभा राहिला, म्हणून तो झाला.

पण शिकवलेला माणूस निघून गेला तर?

प्रत्येक मालकाच्या पोटात हा गोळा असतो आणि तो खोटा नाही. लहान वर्कशॉपवाला पोराला लेथ शिकवतो, सहा महिने माल खराब करून घेतो आणि पोरगा दोन हजार रुपये जास्त देणाऱ्या शेजारच्या शेडमध्ये जातो. उपदेशाने हे दुःख कमी होत नाही. पण न शिकवलेला माणूस कायम राहिला तर, हा प्रश्नही तितकाच खरा आहे आणि त्याची किंमत कुठल्याच वहीत लिहिली जात नाही. शिवाय चांगलं शिकवणाऱ्याकडे नवी पोरं आपणहून येतात, हे कोल्हापूरच्या तालमींमधले वस्ताद आणि पुण्या-मुंबईतले जुने गॅरेजवाले चांगलं जाणतात. शिकवलं आणि मोठं काम दिलं नाही, मोठं काम दिलं आणि पगार हलवला नाही, तर मात्र माणूस जाणारच. त्याला जबाबदार शिकवणं नव्हे.

दुसरी भीती कुणी बोलून दाखवत नाही. हाताखालचा आपल्या पुढे गेला तर? पस्तिशीतल्या साहेबाला ती कमी वाटते, पन्नाशीतल्याला जास्त. संगणक, सॉफ्टवेअर आणि आता एआयच्या बाबतीत तर कालचा मुलगाच साहेबाला शिकवतो. काही साहेब हे हसत स्वीकारतात आणि मोकळे होतात. काही जण मात्र फायली स्वतःच्या कपाटात कुलूपबंद ठेवतात. दुसऱ्या प्रकारच्या साहेबाला रजा घेता येत नाही, इतकंच नव्हे तर बढतीही मिळत नाही, कारण त्याची जागा घ्यायला तयार माणूसच नसतो!

आणि एक सावधगिरी. प्रत्येकाला साहेब व्हायचंच असतं असं नाही. उत्तम वेल्डरला सुपरवायझर केलं की कारखाना एक चांगला वेल्डर गमावतो आणि एक चिडका सुपरवायझर कमावतो, असं अनेकदा घडतं. घरी आजारी सासू आहे, मुलाची दहावी आहे, म्हणून एखादी बाई या वर्षी नवी जबाबदारी नको म्हणते. तिला ‘महत्त्वाकांक्षा नाही’ असा शिक्का मारून मोकळं होणं सोपं आहे. दोन वर्षांनी तिला पुन्हा विचारायचं लक्षात ठेवणं अवघड आहे, आणि ते फार थोडे साहेब करतात.

राहता राहिला नोकरदाराचा प्रश्न. आपला साहेब धवन नाही आणि होण्याची चिन्हंही नाहीत, तर काय करायचं? वर्षातून एकदा, पगारवाढीच्या वेळी ‘माझं काम कसं आहे?’ असं विचारलं की ‘ठीक आहे, चालू द्या’ यापलीकडे काही पदरात पडत नाही. प्रश्न बारीक करून विचारावा. ‘साहेब, परवाचं ते कोटेशन तुम्ही केलं असतं, तर त्यात काय वेगळं केलं असतं?’ याला उत्तर द्यायला घुम्या साहेबालाही आवडतं, कारण त्यात त्याच्या अनुभवाचा मान आहे. चिडक्या साहेबाला सकाळी नको, चहानंतर विचारावं. उत्तर मिळालं की पुढच्या कोटेशनमध्ये ते वापरून त्याला दाखवावं. तीन-चार वेळा असं झालं की बहुतेक साहेब न विचारता सांगू लागतात. ज्या ऑफिसात तेही होत नाही, तिथे शेजारच्या खात्यातल्या एखाद्या जुन्या जाणत्या माणसाला धरावं. निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्या, सगळ्यांनी दुर्लक्षिलेल्या हेडक्लार्ककडे जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन जावं. त्यांच्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ असतं आणि ऐकायला येणारं गेल्या कित्येक वर्षांत कुणी नसतं.